मनगटावरचा वेढा

बाल्टिमोर,
१० जून २००१

ती. दादास,
प्रसादचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, तेव्हा आधी कान धरतो. पण कारण ऐकलंस तर तूच म्हणशील की गाढवा, हे आधी का नाही कळवलंस! इथे यंदा लॅक्रॉसची व्यावसायिक लीग सुरू झाली आहे. मोठ्या मोकळ्या मैदानावरची अशी ही पहिलीच. आमच्या गावच्या संघाला फिजिओथेरपिस्ट हवा होता आणि क्लिनिकमधून माझी निवड झाली.

लॅक्रॉस तू पाहिला नसशील. काठीच्या टोकाला जाळीची पिशवी असते. तिच्यात चेंडू झेलायचा, पळायचं आणि तिच्यातूनच गोलात भिरकावायचा. चेंडू टणक रबराचा, क्रिकेटच्या चेंडूइतका जड. गोलकीपरकडे बघून पहिल्याच दिवशी तू आठवलास. खेळाडू आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करतात, कोणी शाळेत शिकवतो, कोणी विमा विकतो, आणि शनिवारी खेळतात. पहिल्या सामन्याला चार-पाच हजार माणसं होती. राष्ट्रगीताला मी संघाबरोबर रांगेत उभा होतो, दादा. टोपी काढायची की ठेवायची ते कळेना, तेव्हा मुक्ता वरच्या बाकावरून खुणा करत होती.

फोटो पाठवतोय. निळ्या टी-शर्टातला जाडा माणूस म्हणजे मी. वहिनींना नमस्कार, आलोकला एक टप्पल.

लहान भावाला विसरू नये, ही विनंती नेहमीचीच.

तुझा,
प्रसाद

-----

मंगफ, कुवेत
२४ जून २००१

चि. प्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. अभिनंदन. हे झालं रीतीचं. आता मनातलं लिहितो. फोटो बघून माझ्या पोटात दुखलं.

हसू नकोस. पुण्यात हॉकीच्या गोलात उभा मी राहायचो. गुडघे मी फोडून घेतले, दोन दात मी घालवले. तू ग्राउंडवर यायचास ते नंतरच्या भेळेसाठी, आणि चेंडू जवळ आला की डोळे मिटून घ्यायचास. आज राष्ट्रगीताला रांगेत कोण उभा, तर तू. मी इथे मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पन्नास डिग्रीत कव्हरऑल चढवून व्हॉल्व्ह तपासत फिरतो. आमच्या शिफ्टला कोणी टाळ्या वाजवत नाही. स्फोट झाला नाही म्हणजे आम्ही जिंकलो.

वर नझीरने मीठ चोळलं. हा आमच्या कंट्रोल रूममधला सियालकोटचा माणूस, हॉकीवर जीव टाकणारा. त्याला हौसेने फोटो दाखवला ही माझी चूक. त्याने तो नोटीस बोर्डावर लावून टाकला. आता येणारा-जाणारा मला विचारतो की हे साहेब तुमचे भाऊ का. एकोणीस वर्षं या प्लँटमध्ये काढली, पण इथे मला कोणी प्रसादचा भाऊ म्हणून ओळखेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या वहिनीचं म्हणणं की मी आनंद मानायला शिकावं. शिकतोय, पण या वयात जड जातंय. मुक्ताला आशीर्वाद.

लोभ आहे, आज जरा आंबट झालाय इतकंच.

राजन

-----

बाल्टिमोर,
८ जुलै २००१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुक्ताला मोठ्याने वाचून दाखवलं. भेळेपाशी ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. तुझ्यासारखी थट्टा आपल्या घराण्यात कोणाला जमली नाही.

आज मात्र कामाचं लिहितो. आमचा गोलकीपर एरवी सुतारकाम करतो, घरांचे जिने आणि कपाटं बनवतो. गेल्या शनिवारी त्याच्या डाव्या अंगठ्यावर चेंडू बसला. हाड वाचलं, पण सांधा टम्म सुजलाय. डॉक्टरांनी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी खेळायला परवानगी दिली आहे, तीही अंगठ्याला पक्का आधार दिला तरच. आमच्याकडच्या तयार टेपने एकतर सगळा हात आखडतो, नाहीतर अंगठा मोकळाच राहतो.

मला तुझी पट्टी आठवली. विद्यापीठाच्या स्पर्धेत तू असाच अंगठा घेऊन चार सामने काढले होतेस. ती तू खोलीचं दार लावून एका हाताने आणि दातांनी बांधायचास, कोणाला बघू द्यायचा नाहीस. आता तरी गुपित फोड. एकेक वेढा नीट लिहून पाठव. हा सामना हरलो तर आमचा हंगाम संपल्यातच जमा, आणि माझंही पुढच्या वर्षीचं काही खरं नाही.

तुझ्या पत्राची वाट बघतोय आणि तुझ्या रागाचीही सवय आहे, तेव्हा दोन्ही येऊ देत.

तुझा,
प्रसाद

-----

मंगफ,
२० जुलै २००१

चि. प्रसाद यास,
अ. आ.

गुपित हवंय ना, घे. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्यायचं आणि दोन बोटं रुंद पट्टी फाडायची. अंगठ्याच्या मुळाशी थोडा कापूस ठेवायचा. पट्टीचं टोक त्या कापसावर दाबून अंगठ्याभोवती दोन वेढे द्यायचे. मग तळहातावरून तिरकी नेऊन हाताच्या मागून परत अंगठ्याकडे आणायची, असं तीनदा. शेवटचं टोक करंगळीच्या बाजूला खोचायचं. अंगठ्याचं नख उघडं ठेवायचं, म्हणजे रंग बदलला तर दिसतो. झालं, एवढंच आहे.

चार सामने मी याच पट्टीवर काढले, हे तुला आठवलं ते बरं झालं. दुसरं कोणी आठवणारं उरलेलं नाही. आता हीसुद्धा तुझी झाली. माझ्याकडे खेळातलं म्हणून जे काही शिल्लक होतं, ते या पाकिटात घातलंय.

इथे दोन दिवस धुळीचं वादळ आहे, खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलोय. जास्त लिहीत नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

राजन

-----

मंगफ,
३ ऑगस्ट २००१

चि. सौ. मुक्तास,
चारुशीलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पर्स पोचली. आमच्या वॉर्डातल्या नर्स ताहिराने लगेच किंमत विचारली. मी आकडा थोडा वाढवूनच सांगितला, कारण तिच्या बहिणीची लंडनची पर्स मला सहा महिने ऐकावी लागली आहे. बघ, हेवा काही आमच्या ह्यांनाच होतो असं नाही.

पण ह्यांचं आता वेगळंच चाललंय. प्रसादभावजींना ते पट्टीचं पत्र टाकल्यापासून घास गोड लागत नाही. परवा मंगळवारी तुम्हाला फोन केला, तो तूच घेतलास म्हणे. ह्यांनी पाऊस पडतो का ते विचारलं आणि ठेवून दिला. दिनारभर पैसे घालून कोणी पावसाची चौकशी करतं का?

आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. सकाळी माझी जुनी सुती ओढणी फाडली आणि स्वतःच्याच अंगठ्याला पट्टी बांधली. मग पॅसेजच्या एका टोकाला उभे राहिले आणि आलोकला सांगितलं की हॉकीचा चेंडू जोरात मार. तो इंग्रजीत नाही नाही म्हणत होता, तर त्याच्यावर खेकसले. तिसऱ्या चेंडूला अंगठा असा काही सुजला की मी बर्फ घेऊन धावले. मी बावीस वर्षं नर्स आहे ग, मला दिसत नाही का? मी सहज विचारलं की पट्टी मनगटाला बांधून का नाही घेतली, सगळा मार सांध्यावरच येतोय. त्यावर हे उठून गेले, आणि तेव्हापासून गॅलरीत बसून आहेत. तुला काही ठाऊक असेल तर कळव.

भावजींना सांभाळ, आणि आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
चारुशीलावहिनी

-----

मंगफ,
शनिवार, ४ ऑगस्ट २००१

प्रसाद,

आज वर आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

पट्टीतला एक वेढा मी लिहिला नाही. विसरलो नाही, लिहिला नाही. सुरुवात अंगठ्यापासून करायचीच नसते. आधी मनगटाला एक घट्ट वेढा घेऊन तिथून पट्टी वर न्यायची असते. मग चेंडूचा मार मनगट खातं. तो वेढा नसला की सगळा मार सांध्यावर येतो. काल स्वतःवर करून पाहिलं आणि अंगठा वांग्यासारखा झालाय.

असं का केलं ते सरळ लिहितो. मला तुझा हेवा वाटला. तू ते थट्टा म्हणून मुक्ताला वाचून दाखवलंस, त्याने तर मी आणखी पेटलो. वाटलं, एकदा तरी त्या हजारो लोकांसमोर तुझं चुकू दे. त्या सुताराचा विचार माझ्या मनात आला नाही. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत तो यायला लागला. त्याला मी पाहिलेलं नाही, तरी तो मला कपाट बनवताना दिसतो.

मंगळवारी फोन केला तो हेच सांगायला. मुक्ताचा आवाज ऐकला आणि पावसाचं विचारून ठेवून दिला. आज सामना आहे. संध्याकाळपासून चार वेळा फोन लावला. दर वेळी मशीनवर तुझा इंग्रजी आवाज येतो, आणि त्या आवाजाला मला हे सांगता आलं नाही. आता तुम्ही मैदानावर गेला असाल. हे पत्र पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

त्याचा अंगठा कसा आहे तेवढं कळव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

राजन

-----

बाल्टिमोर,
५ ऑगस्ट २००१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकलो! चौदा-बारा. सुताराने एकोणीस चेंडू अडवले आणि पट्टी शेवटपर्यंत जागची हलली नाही. मी सगळ्यांना सांगितलं की ही माझ्या मोठ्या भावाची पट्टी. आता ड्रेसिंग रूममध्ये तिचं नावच राजन पडलंय. आणखी दोघे येऊन मला राजन बांधून दे म्हणून मागे लागलेत. त्यांच्या तोंडी तुझं नाव ऐकून छाती फुगते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. तू बांधायचास दार लावून, पण सामन्यानंतर पट्टी सोडायचं काम कोणाचं होतं, आठवतं? तू दमून कॉटवर पडायचास आणि हात पुढे करायचास. मी सोडत जायचो, आणि सगळ्यात शेवटी मनगटाचा वेढा यायचा, घामाने चिकटलेला. तोच तुझ्या पत्रात नव्हता. मी माझ्या आठवणीने घातला. खरं तर पद्धत मला येतच होती. पण तुझी वस्तू तुला विचारल्याशिवाय कशी वापरायची, म्हणून मागून घेतली.

दादा, तो वेढा तू विसरलास याची मला भीती वाटते. बाबांचंही असंच सुरू झालं होतं, आधी लहानसहान गोष्टी, मग आपली नावं. रागावू नकोस, पण वहिनींच्या हॉस्पिटलात एकदा दाखवून ये.

तुझी सावली आमच्यावर पुष्कळ वर्षं राहो.

तुझा,
प्रसाद

-----

बाल्टिमोर,
१८ ऑगस्ट २००१

दादा,
नमस्कार.

तुझं चार तारखेचं पत्र काल मिळालं. माझं पाच तारखेचं तुझ्या हातात पडलं असेल, तेव्हा अंगठ्याचं तुला कळलंच असेल. तो बरा आहे.

मला इतका राग आला की पत्र मुक्ताला दाखवलं नाही. त्या माणसाचं पोट त्याच्या हातावर आहे. तू लिहिलीस तशी पट्टी बांधली असती तर सांधा जागेवरून गेला असता. हे मी फिजिओ म्हणून लिहितोय. भाऊ म्हणून काय लिहावं ते काल दिवसभर सुचलं नाही. मग तुझं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. पोटात दुखलं असं तू स्वच्छ लिहिलं होतंस, आणि मी ते विनोद म्हणून वाचून दाखवलं होतं.

आणखी एक लिहितो, लिहिताना लाज वाटते. तू विसरला नव्हतास हे कळल्यावर मला रडू आलं, आणि ते आनंदाने. दोन आठवडे मी तुला बाबांच्या खुर्चीत बसलेला पाहत होतो, आमच्याकडे अनोळखी नजरेने बघणारा. त्यापेक्षा माझ्यावर जळणारा भाऊ मला चालेल.

सुताराला मी काही सांगितलेलं नाही. तो विचारतो की कुवेतचा राजन कधी येणार, मला त्याच्याशी हात मिळवायचा आहे. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा हंगाम आहे. रजेचा अर्ज आत्ताच टाक, सबबी सांगू नकोस. त्याच्यासमोर उभा राहा आणि तो हात हातात घे. खरं सांगायचं की गप्प राहायचं, ते त्या वेळी तूच ठरव.

माया आटलेली नाही. वाढायची असेल तर मात्र तुला इथे यावं लागेल.

प्रसाद