सम तारखेचं दूध

९ एप्रिल, मंगळवार

शूऽऽऽ... आणि मग लांब कुठंतरी धप्प.

दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला तर हाच आवाज पुन्हा कानात. मी लहान असताना आमच्या किनमेन बेटावर समुद्रापलीकडचे शत्रू तोफा डागायचे, पण फक्त विषम तारखांना. सम तारखेला चिडीचूप. विषम संध्याकाळी शाळेतल्या श्यूबाई आम्हा पोरांना तळघरात बसवून कविता म्हणायला लावायच्या, इतक्या मोठ्यानं की गोळ्याचा आवाज झाकला जावा. कविता माझ्यात भिनली ती तिथं. आणि तारखाही. लग्न केलं सम तारखेला. शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो सम तारखेला. निवृत्त मात्र सरकारनं एकतीसला केलं, आणि तेव्हापासून गुडघा दुखतोय. याहून वेगळा पुरावा काय हवा?

जागं केलं नीनीनं. भूक लागली की ही नात रडत नाही, भोंगा वाजवते.

परिस्थिती अशी. मुलगा मालवाहू जहाजावर, सध्या कुठल्या समुद्रात आहे ते त्यालाच ठाऊक. सूनबाई वान-रोंग राजधानी तैपेईत नर्स. बाळंतपणाची रजा संपली तसं पाच महिन्यांचं पिल्लू तिनं आमच्या हवाली केलं. दर पंधरवड्याला ती विमानानं येते आणि येताना आपलं... कसं लिहावं... ते गोठवून पिशव्यांतून घेऊन येते. वही खाजगी आहे, तरी सासऱ्याच्या पेनाला लाज वाटते. यापुढं 'ऐवज' म्हणेन.

डब्यातलं दूध नीनीला चालत नाही. एकदा दिलं तर अंगभर पुरळ, ओकाऱ्या, आणि सरळ दवाखाना. म्हणजे ऐवजाशिवाय गत्यंतर नाही. आणि फ्रीजरमधला ऐवज शुक्रवारपर्यंतच पुरेल. सूनबाईला या वेळी रजा नाही, वॉर्डात माणसं कमी. मागं पार्सलनं पाठवला होता तो धुक्यात गोदामात पडून नासला.

मी जाहीर केलं, "मी आणतो."

सू-चिन हसली. म्हणजे माझी बायको. म्हणाली, "तुम्ही? परवा तोफू आणायला पाठवलं तर दोन ओळी घेऊन आलात आणि तोफू दुकानातच!"

त्या दोन ओळी चांगल्या होत्या.

संकल्प: उद्या दहा तारीख, जायचं. बाराला परत. दोन्ही सम. एप्रिलात आमच्याकडं धुकं उतरतं आणि विमानं बंद पडतात हे खरं, पण सम तारखेला कधी पडल्याचं मला आठवत नाही.

१० एप्रिल, बुधवार

विमान वेळेवर. आकाश स्वच्छ. काही बोलायची गरज नाही.

वान-रोंगचं घर म्हणजे एक खोली आणि आत आणखी एका खोलीची आशा. दारातच म्हणाली, "बाबा, उद्या सकाळच्या विमानात जागा आहे. लगेच निघा. परवापासून धुकं सांगितलंय."

मी तिला तोफांचा सगळा इतिहास सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. नर्सांना पेशंटचं ऐकायची सवय असते. मग म्हणाली, "पण बाबा, उद्याचं आकाश मोकळं आहे. तिकडं नीनीला..."

"वान-रोंग," मी म्हणालो, "आयुष्यभर मुलांना शिकवलंय मी."

ती फ्रीजरकडं वळली. पटलं असावं.

तिनं फ्रीजर उघडून ऐवज दाखवला. चपट्या पिशव्या, पुस्तकांसारख्या उभ्या रचलेल्या, प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात तारीख. दिवसभर पेशंट उचलायचे, आणि मधल्या सुट्टीत सामानाच्या खोलीत दार लावून बसायचं, तेव्हा एकेक पिशवी भरते, असं ती सांगत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. अशा वेळी कुठं बघायचं असतं?

सू-चिनचा फोन. पिशव्या भराभर संपतायत, नीनीची भूक वाढलीय. मी सांगितलं, परवा दुपारी तुझ्या हातात.

११ एप्रिल, गुरुवार

दिवसभर लख्ख ऊन. विमानांचा आवाज सतत डोक्यावरून. विषम तारखांचा हा जुनाच कावा आहे, आधी विश्वास कमावतात.

पेटी भरली. पांढरी थर्माकोलची, आमच्याकडं मासळी भरतात तशीच. विषम तारखांच्या पिशव्या तळाशी, सम वर. वान-रोंगनं सहा आईसपॅक दिले होते. त्यातले दोन काढून ठेवले, कारण अननसाच्या केकचे खोके घ्यायचे होते. तैपेईला जाऊन रिकाम्या हातानं परतलो तर गल्ली काय म्हणेल? शिवाय थंड ठेवायचं काम मुळात पेटीचं. आईसपॅक म्हणजे निव्वळ घाबरटपणा.

संध्याकाळी कविता सुचली.

'मेघांवरुनी नेतो आहे पिशवीमध्ये माया,
इवल्या ओठांसाठी शिणली दूर कुणाची काया...'

पुढच्या दोन ओळी विमानात.

१२ एप्रिल, शुक्रवार

धुकं.

इथं नाही, तिकडं. इथं तैपेईत ऊन आहे. विमानतळाच्या फळ्यावर किनमेनच्या नावापुढं 'उशीर', मग पुन्हा 'उशीर'.

पण क्रमानं लिहितो.

तपासणीला तरुण अधिकारी होता. विचारलं, "आजोबा, पेटीत काय?"

"पोषक द्रव्य."

"कसलं पोषक द्रव्य?"

"घरगुती."

"घरगुती म्हणजे? दारू?"

त्यानं साहेबाला हाक मारली. साहेबानं झाकण उघडलं. मी म्हणालो, "कौटुंबिक बाब आहे." साहेबाचा चेहरा आणखी गंभीर झाला. रांग खोळंबली. मागून एक जाडजूड बाई ओरडल्या, "अहो, दूध आहे ते! आईचं दूध! पिशवीवर तारखा दिसत नाहीत? सोडा त्या म्हाताऱ्याला, पोर उपाशी असेल घरी!"

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. साहेब हसला. "आधी सांगायचं ना आजोबा. रोज कोणी ना कोणी घेऊन जातंच की."

त्या हुंगबाई, आमच्याच बेटावरच्या, कालवांचा धंदा करतात. मग दिवसभर शेजारीच बसल्या. मी मधूनमधून झाकण उघडून ऐवज तपासत होतो. प्रत्येक वेळी घट्ट, दगडासारखा. काळजीपूर्वक तपासत राहण्याचा हा फायदा. हुंगबाई म्हणाल्या, "मास्तर, उघडू नका सारखं. थंडी पळते." मी हसलो. कालवं वेगळी, ऐवज वेगळा.

संध्याकाळी विमान रद्द. प्रतीक्षायादीचा नंबर मिळाला.

सू-चिनला फोन केला. मागं नीनीचा भोंगा. "शेवटची पिशवी वितळायला काढलीय," एवढंच म्हणाली आणि ठेवला. एरवी मला चार शब्द सुनावल्याशिवाय ती फोन ठेवत नाही. तेच जरा खटकलं.

घरी आल्यावर पेटी कोपऱ्यात ठेवली. फ्रीजरमध्ये पिशव्या परत लावायच्या म्हणजे सगळी रचना मोडायची, उद्या पुन्हा भरायची. बंद पेटीत थंडी कोंडलेली असते, ती जाणार कुठं? वान-रोंग रात्रपाळीला गेलेली, नाहीतर तिनं उगाच काळजी केली असती.

एक शंका मनात येते: सम तारीख असून धुकं कसं? उत्तर सोपं आहे. धुकं अकराच्या रात्री निघालेलं असणार.

१३ एप्रिल, शनिवार. दुपार

विमानतळावरून लिहितोय.

सकाळी सू-चिनचा फोन. नीनीला भाताची पेज दिली, तिनं थुंकून टाकली. साखरपाणी दोन चमचे घेतलं. रडून रडून आवाज बसलाय. "आता भोंगासुद्धा नाही," म्हणाली. "नुसतं तोंड उघडते. मी तिला घेऊन इथल्या विमानतळावरच येऊन बसते. तुम्ही उतराल तिथंच बाटली भरू."

मी म्हणालो, जरूर.

दुपारी धुकं उठलं. फळ्यावर 'निघणार' आलं आणि सगळा हॉल उभा राहिला. काउंटरवरची मुलगी नंबर पुकारायला लागली. लोक धावत होते, मुलं रडत होती, कुणाची तरी मासळीची पेटी आडवी झाली. आणि तिनं माझा नंबर पुकारला.

मी उठलो. पेटी उचलली. आणि मग तिच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

तेरा.

कानात शूऽऽ झालं. खरंच झालं. श्यूबाईंचा हात डोक्यावर होता, खाली वाका, खाली वाका. एकटा असतो तर गेलो असतो, माझं काय राहिलंय? पण पेटीत नीनीचा ऐवज. तो घेऊन विषम तारखेला हवेत जायचं?

"आजोबा, येताय ना?" मुलगी म्हणाली.

"उद्याचा नंबर मिळेल?"

"उद्याचं आज कोण सांगणार? उद्या परत धुकं आहे म्हणतात!"

हुंगबाईंचा नंबर माझ्या मागचा. त्यांनी माझी बाही धरली. "मास्तर, काय झालं? चला की!"

मी तारखेबद्दल सांगितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, तोफा थांबून माझी नातवंडं शाळेत जायला लागली! त्या तोफावाल्यांची पोरंसुद्धा आता आपल्याकडं दारू घ्यायला येतात! चला मुकाट्यानं!"

"नियम तो नियम."

"मग ती पेटी माझ्याकडं द्या. मी नेते."

क्षणभर मन डळमळलं. पण परक्या बाईच्या हातात सूनबाईचा ऐवज, आणि तोही आजच्या तारखेला? मी नम्रपणे नकार दिला. त्या जाता जाता काहीतरी म्हणाल्या. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

विमान गेलं. मी काचेतून बघितलं. व्यवस्थित उडालं. पण उडताना सगळीच व्यवस्थित उडतात.

वान-रोंगला फोनवर सांगितलं, विमान भरलं. भरलंच होतं. फक्त मला पुकारून झाल्यावर.

सू-चिनला फोन केला नाही. तिथल्या हॉलमध्ये आवाज फार असतो, तिला नीट ऐकू आलं नसतं.

संकल्प: उद्या चौदा. पहिल्या विमानानं.

तीच तारीख. संध्याकाळ

पेटी उघडली.

वरच्या पिशव्या मऊ. मधल्या मऊ. तळाच्या, विषम तारखांच्या, त्याही मऊ. हलवलं की आत पाणी हलल्यासारखं. एक फोडून वास घेतला. पुन्हा घेतला. नाक सर्दीनं बंद असल्यासारखं वाटलं, पण सर्दी नाही. आंबूस आहे.

अननसाचे केक मात्र छान थंड लागतायत.

कदाचित थोडं आंबूस चालत असेल. दही चालतंच की. पण पाच महिन्यांच्या पोरीला? वान-रोंगला विचारता येईल, ती नर्स आहे. आतल्या खोलीत झोपलीय, दिवसाही पाळी करून आली. उठली की सांगेन. काय सांगेन, त्याचा कच्चा आराखडा असा:

एक, धुकं होतं. (खरं आहे.)

दोन, पेटी निकृष्ट निघाली. (बहुधा खरं आहे.)

तीन... तिसरा मुद्दा सुचत नाही. सामानाच्या खोलीत दार लावून बसणारी ती सारखी डोळ्यापुढं येते. एकेका पिशवीवर किती नेटकी तारीख घातलीय पोरीनं. मी त्या तारखांत सम-विषम तेवढं पाहिलं.

सगळ्या पिशव्या टेबलावर मांडून बसलोय. परत पेटीत भराव्यात का मोरीत ओताव्यात, ठरत नाही. सू-चिनला चार वेळा फोन लावला. बंद. ती फोन कधी बंद ठेवत नाही. नीनीला दवाखान्यात तर नेलं नसेल? तिचा आवाज बसला होता. शेजारच्या वांगांना लावला, तर ते म्हणाले, घराला कुलूप आहे.

कविता पुढं सरकलेली नाही.

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. वाटलं, खालचा चौकीदार असेल, पाण्याच्या टाकीबद्दल. उठून उघडलं.

सू-चिन. पाठीला बांधलेली नीनी, पायात घरातल्या सपाता, केस सगळे विस्कटलेले. विमानतळाच्या काचेतून विमान बघूनसुद्धा जिला चक्कर यायची, ती.

मी म्हणालो, "तू? कशी काय आलीस?"

"विमानानं. हुंगबाई ज्यातून उतरल्या, तेच परत निघालं त्यानं. त्यांनी सगळं सांगितलं मला, तारखेसकट. रांगेतल्या लोकांनी हिच्याकडं बघितलं आणि पुढं सोडलं आम्हाला. तुमची बायको आहे हे नाही सांगितलं मी कुणाला."

मी दोन्ही हात पसरून दारात उभा होतो, मागचं टेबल दिसू नये म्हणून. पाठीवरून नीनीनं तोंड उघडलं, आवाज मुळीच नाही. आतल्या खोलीत मात्र धाडकन कॉट सरकली आणि अनवाणी पावलं धावत आली.

"दूध येईना, म्हणून पोर आणली," सू-चिन म्हणाली. "आता सरका दारातून."