खारूच्या केसांची टोकं

दि. ४ एप्रिल

सौ. बाईंस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र परवा पोचलं. आम्ही दोघी ठीक आहोत. भावोजींची कंबरदुखी आता उतारावर असेल अशी आशा आहे. दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसानं जिने चढून कंबर धरून बसावं, याला काय म्हणावं! वाकून वजन उचलू नका म्हणावं त्यांना. माझ्या बहिणीचंही ते कधी ऐकायचे नाहीत, तुमचं ऐकत असतील तर नशीब तुमचं.

खारूची परीक्षा संपली. समोरचा एक दात पडलाय, त्यामुळे 'सात' म्हणायला गेली की आधी शिट्टी वाजते. तिला त्याचं फार कौतुक आहे. दिवसभर सातचा पाढा चालू असतो.

तुम्ही लिहिलंय की खारूला वडिलांकडे, तुमच्या घरी यायचंच नसेल तर तिला ओढून न्यायचं नाही, तिनं माझ्याकडेच राहावं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. तिकडच्या शाळेत घातलेलं तिचं नाव महिनाअखेरीला काढून घ्याल असंही लिहिलंय. वाचलं मी. धाकटी बहीण गेली तेव्हा पोर तीन वर्षांची होती, आता सात पूर्ण होतील. एवढी वर्षं ती माझ्याजवळच आहे. तिला इथली सवय झालीय. तुमचा निर्णय समजूतदारपणाचा आहे, त्यावर मी आणखी काय लिहिणार?

आता तुमचा प्रश्न. 'कधी सुट्टीत आलीच तर माझ्या हातून तिचे केस बिघडायला नकोत, तुम्ही ते इतके मऊ कसे ठेवता ते सांगा.' विचारलंत म्हणून सांगते. पार्लरमध्ये बारा वर्षं उभी आहे मी, पायांच्या शिरा फुगल्या पण दुसरं काही येत नाही मला.

पहिली गोष्ट, धुवायच्या आधी गुंता काढायचा. धुतल्यावर नाही. मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा आणि खालून सुरुवात करायची, टोकाकडून वर वर यायचं. बायका थेट टाळूवर कंगवा खुपसतात आणि खाली ओढतात, मग केस तुटले की शाम्पूला शिव्या! खारूचा गुंता काढताना वरची बट मुठीत धरून ठेवायची, म्हणजे मुळाशी ओढ बसत नाही. ती तरी 'आई गं' म्हणतेच. खोटं असतं ते, लक्ष देऊ नका.

तेल न्हाण्याआधी तासभर, बोटांच्या पेरांनी. नखं लावायची नाहीत. पाणी कोमट, गरम नको. गरम पाण्यानं केस कोरडे पडतात, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडलाय. शाम्पू फक्त टाळूला, तोही आठवड्यातून दोनदा. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या केसांना. आणि टॉवेलनं घासायचं नाही! आमचं एक गिऱ्हाईक आहे, डोकं असं घासतं की तळाला लागलेली कढई बरी. जुना सुती टी-शर्ट घ्या, त्यात केस गुंडाळा आणि नुसते दाबा. खारूसाठी भावोजींचाच एक जुना, निळा टी-शर्ट ठेवलाय. तो डोक्याला बांधून ती घरभर राणीसारखी हिंडते.

झोपताना सैल वेणी, दोन पेडी नाही, तीन पेडी. उशीला गुळगुळीत कापडाचा अभ्रा. ओल्या केसांची वेणी घालायची नाही. वेणी घालताना तिला काहीतरी बोलत ठेवा, नाहीतर मान वळवते.

एवढंच. यात लपवण्यासारखं काही नाही, कोणीही करू शकतं.

भावोजींना नमस्कार. खारू बरी आहे, काळजी नसावी.

आपली,
खारूची मावशी


दि. २१ एप्रिल

प्रिय बाई,

आज 'तुम्ही' लिहायला हात वळत नाही. तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे मी, म्हणून 'तू' म्हणते. पत्र वाचून झाल्यावर तुला ते नकोसं वाटलं तर स्पष्ट सांग.

तुझं उत्तर येऊन नऊ दिवस झाले. शेजारच्या मुलीला पाटावर बसवून तू माझ्या पत्राप्रमाणे सगळं करून पाहिलंस, हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. जी पोर तुझ्याकडे येणार नाही असं तूच लिहून बसलीस, तिच्यासाठी तू शेजारणीच्या मुलीच्या डोक्यावर सराव करतेस. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या बाईचा हात हलकाच असणार. ती मुलगी रडली नाही म्हणतेस, खारूही रडणार नाही.

आणि खाली तू विचारलंयस, 'ताई, एवढं बारीकसारीक लिहिलंत, पण टोकं कापायचं कुठंच नाही. आमच्या कोपऱ्यावरची पार्लरवाली म्हणते, दोन-तीन महिन्यांनी बोटभर टोकं कापली नाहीत तर बाकी सगळं केलेलं वाया जातं. लिहायचं राहिलं का?'

राहिलं नाही. टाळलं. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिलं वाक्य हेच सांगते, की आधी टोकं कापू, मग बाकीचं बोलू. आणि माझ्या घरातल्या पोरीची टोकं सहा महिने कापलेली नाहीत. वरून रेशीम आणि खाली केरसुणी, अशी वेणी झालीय तिची. कात्री नुसती दिसली तरी ती बाथरूममध्ये जाते आणि आतून कडी लावते. मी पार्लरमधून आले की आधी माझी पिशवी तपासते.

का, ते सांगते. आता वळणं घेत बसले तर पुन्हा टॉवेलवर जाऊन पोचेन.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं पहिल्यांदा आलात, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. खारू माझ्यापुढे बसली होती, मी वेणी घालत होते. ती खुशीत होती गं. तू फोनवर तिला सांगितलं होतंस ना, चष्म्यांचा एक अख्खा खण तिला खेळायला देईन म्हणून? तेच चाललं होतं. तिथं माझी खोली असेल का, तिथं खिडकी असेल का, ती बाई मला रोज चष्मे देईल का. आणि मी म्हणाले, "नव्या आया आल्या की पहिल्यांदा मुलींचे केस कापून टाकतात. लांब केसांची कटकट त्यांना नको असते."

तिनं मान वळवली. मग म्हणाली, "सगळे?"

मी म्हणाले, "सगळे."

"मग आईसारखं होईल?"

बाई, आता तुला सांगायला हवं की हे 'आईसारखं' म्हणजे काय. धाकटीचं आजारपण तुला ठाऊक आहे, पण हे भावोजींनाही नीट माहीत नसेल, ते तेव्हा कामावर होते. औषधांनी तिचे केस जायला लागले, रोज उशीवर पुंजके यायचे. एका दुपारी ती म्हणाली, "ताई, हे रोजचं मरण नको, तू एकदाच काढून टाक." मी पार्लरमधलं मशीन आणलं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून तिचं डोकं माझ्या हातांनी साफ केलं. तीन वर्षांची खारू खाली बसून ते केस गोळा करत होती, बिस्किटांच्या डब्यात भरत होती. "उद्या परत लावू," म्हणत होती. त्यानंतर पाचव्या आठवड्यात धाकटी गेली. त्या पोरीच्या डोक्यात हिशेब एकच राहिला, केस काढले आणि आई गेली.

हे मला माहीत होतं. तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी तेच वापरलं. "आईसारखं होईल?" असं तिनं विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. मी वेणीचा पुढचा पेड घातला.

पुढचं तू पाहिलंस. दुसऱ्या दिवशी तू दारात आलीस, तुझ्या हातात तिच्यासाठी आणलेली हिरवी क्लिप होती. "केवढे सुंदर केस गं!" म्हणून तू कौतुकानं हात पुढे केलास आणि ती किंचाळली. वेणी दोन्ही मुठींत धरून कपाटामागे जाऊन बसली, तुम्ही जाईपर्यंत बाहेर आली नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काय म्हणाले आठवतंय? "मुलांना जबरदस्ती केलेली चालत नाही, वेळ द्या." वर चहा केला तुमच्यासाठी. निर्लज्जपणाची कमाल होती ती. तू परतीच्या वाटेवर रडलीस असं भावोजी नंतर फोनवर म्हणाले, तेव्हा मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं.

तू वाईट निघाली असतीस तर बरं झालं असतं. मी वाट पाहत होते, की आता ही चिडेल, पोरीला नावं ठेवेल, म्हणजे माझं बरोबर ठरेल. आणि तुझं पत्र आलं ते केस मऊ कसे ठेवायचे विचारणारं. पहिल्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण ते लिहिताना मी मनात म्हणत होते, घे, टॉवेल घे, कंगवा घे, पोर नाही मिळायची.

तू टोकांचं विचारलंस आणि माझी पळवाट संपली. नऊ दिवस घेतले, कारण तुला लिहिण्याआधी तिला सांगणं भाग होतं.

परवा रविवारी सांगितलं. तिला समोर बसवलं, पाठीमागे नाही. वेणी घालताना सांगितलं असतं तर तिचं तोंड दिसलं नसतं, मला सोपं गेलं असतं. म्हटलं, "खारू, मावशी खोटं बोलली. चष्मेवाली मावशी तुझे केस कापणार नाही. कधीच म्हणाली नव्हती ती. आणि केस कापल्यानं कोणी मरत नाही, तुझी आई आजारानं गेली."

तिनं विचारलं, "मग तू का म्हणालीस?"

"तू गेलीस तर मी काय करू, म्हणून."

मला वाटलं होतं रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. तसलं काही नाही. उठून बाहेर गेली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. स्वतःची वेणी स्वतः घातली, वाकडीतिकडी, अर्धे केस बाहेर, तशीच खेळायला गेली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "हे काय गं, आज मावशी घरी नाही का?" तर म्हणाली, "आहे." एवढंच. मला भोगायलाच हवं होतं ते.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले तर येऊन टेबलाला टेकून उभी राहिली. कोणाला लिहितेस, म्हणाली. सांगितलं. तर म्हणाली, "माझंही एक लिही." आणि बोट ठेवून सांगितलं, इथं लिही, जसं सांगते तसंच लिही. तर तिचं म्हणणं असं आहे. "मी राहायला येईन. माझे केस कापायचे नाहीत. टोकं चालतील."

ते लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, टोकं मी कापू का? तिनं 'हो' म्हटलं नाही. "तिला कापू दे," म्हणाली.

तेव्हा शाळेतलं नाव काढू नका. हे पत्र भावोजींना वाचून दाखव, त्यांना माझा राग येईल तो येऊ दे. येत्या रविवारी या. सकाळी लवकर या, मी तिचे केस धुणार नाही, ते तुझ्यासाठी ठेवते. कात्री माझ्याकडे चांगली आहे, मी ती टेबलावर समोरच ठेवेन, तिला आधी हातात घेऊन पाहू दे. मग केस ओले असताना, कंगवा खाली आणून दोन बोटांत बट धर, बोटं घट्ट ठेव आणि बोटांखालीच काप. बोटभर, त्याहून जास्त नाही. कापण्याआधी प्रत्येक वेळी तिला सांग. कापलेले केस तिला दाखव, तिनं मागितले तर दे.

त्या दिवशी पार्लरला जायचं निमित्त काढून बाहेर पडावं असं फार वाटतंय. पण पळणार नाही. तुझा हात अडला तर मागे उभी असेन. तिचे कपडे मी भरायला घेतलेत.

तिच्या आईची बहीण,
खारूची मावशी