रॉकेल शिंपडलेली ज्वारी

माय, त्या जळक्या ज्वारीवर तू रॉकेल काहून शिंपडलंस? तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. भांडायला समोर कुणी नाही, म्हणून लिहितेय.

ऊसतोडीहून परतलो की घराच्या माळवदावर, त्या मातीच्या छपरावर, नवी माती टाकायची, म्हणून आपण दोघी गावामागच्या पांढरीवर खणायला जायचो. तिथं फार पूर्वी वस्ती होती, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुझं खोरं एका मडक्यावर बसलं आणि आतून कोळसा झालेली ज्वारी सांडली. मी ती परकराच्या ओच्यात भरून घेतली, तर तू ओरडलीस, "टाक ती. मेलेल्या मानसांचं खानं हाय. घरात आनायचं न्हाई." मी घरापर्यंत रडत आले.

आता मी जुन्या वस्तूंचं वय काढणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. नोकरी लागली तेव्हा तुला समजावलं होतं, की उभं पीक हवेतून कार्बन घेतं, त्यातला थोडासा किरणोत्सारी असतो. कापणी झाली की घेणं थांबतं आणि आतला तो किरणोत्सारी कार्बन ठरल्या गतीनं घटत जातो. किती उरला ते मोजायचं. तू म्हणालीस, "मंजी दान्यालाच इचारायचं, तुला कवा कापलं?" इतकं नेमकं मला अजून सांगता येत नाही. पण तेव्हाही त्या ज्वारीबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस.

गेल्या उन्हाळ्यात भावानं स्लॅब टाकायला जुनं घर उतरवलं, तेव्हा चुलीमागच्या कोनाड्यात चहापत्तीचा डबा निघाला. आत ती ज्वारी. म्हणजे मला रडवून तू परत जाऊन ती वेचून आणली होतीस. डब्याला वास कसला, असं विचारलं तर भाऊ म्हणाला, "वाळवी लागू नाय म्हनून माय दर दसऱ्याला रॉकेल शिंपडायची. ताईची हाय म्हनायची, आमाला हात लावू द्यायची न्हाई." पांढरी तर कधीच ट्रॅक्टरनं सपाट झाली, तिथं आता कापूस आहे. त्या वस्तीचं उरलं होतं ते एवढंच, आणि त्याचं तू हे केलंस. रॉकेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांचं तेल. त्यात तो कार्बन शिल्लकच नसतो. ते मुरलं की दाणा आहे त्याहून म्हातारा दिसतो. आणि कोळशाला वाळवी लागत नाही, माय. नुसता डबा बंद करून ठेवला असतास तरी पुरे होतं.

आमच्या सरांनी डबा हुंगून बाजूला सारला. मी हट्ट धरला. आठवडाभर दाणे धुतले, आधी तेल काढणाऱ्या द्रावकानं, मग आम्लानं. दोन वाटे करून मोजले; वय एकच यायला हवं, तर दोन्ही वयांत काही शतकांचं अंतर. सरांनी कागदावर 'ग्राह्य नाही' लिहिलं. मोजायला दाणे जाळावे लागतात, त्यामुळे तेही गेले.

सर वैतागून म्हणाले, "हे रॉकेल टाकलं कुणी?"

मी म्हणाले, "गावातल्या एका बाईनं."

"अडाणीपणा, दुसरं काय," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

तुला वाचता येत नव्हतं. हे भावाला तरी वाचून दाखवावं, असं मनात होतं. पण मान डोलावल्याचं ते वाक्य त्याच्यासमोर माझ्या तोंडून निघणार नाही.