आधी पाणी दे

दि. १४, मंगळवार

प्रिय ताई,

‘तू मजेत असशील’ असं लिहिलं होतं, पण ते खरं नाही म्हणून खोडलं. मी बरी आहे. दुकानात चष्म्यांच्या नव्या फ्रेम आल्यात, दिवसभर पुसून मांडत होते. तुला अक्षरं लावून लावून वाचावं लागू नये म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय.

काल फोनवर तू म्हणालीस, तुझ्या चिमीनं पाणी मागणंच सोडलंय आणि भावोजींना वाटतं हट्ट उतरला. मी म्हटलं, “बरं, ठेवते.” तुला राग आला असेल. फोनवर माझ्या तोंडी कुठलंतरी तयार वाक्य येतं आणि बोलायचं ते राहून जातं. कागदावर थांबता येतं.

रविवारचं आधी सांगते. चिमी म्हणाली, “तुला पाणी हवंय?” भावोजींनी पेला वर धरला. “‘मला’ म्हण, मग मिळेल.” ती पुन्हा तेच म्हणाली. पुन्हा पेला वर. तिचे ओठ सुकले होते. मला ओरडायचं होतं की द्या तिला. आणि तोंडातून निघालं, “आता बरं दिसतंय की आधी दिसत होतं?”

ताई, ती टिंगल नव्हती. चष्मेवाले काका भिंग बदलताना गिऱ्हाइकाला हेच विचारतात, मी दिवसभर ऐकते. घाबरले की तेच बाहेर पडतं. भावोजींना वाटलं, माहेरात शाळा पुरी केलेली ही एकटी, शिकल्याचा तोरा दाखवतेय. पोरीलाही हे हिनंच शिकवलं म्हणाले, आणि पुन्हा या घराचा जिना चढू नकोस म्हणाले. तू खाली बघत होतीस. दारात कुजबुजलीस, “बाथरूममध्ये नेऊन पाजते मी तिला.”

ते वाक्य डोक्यातून जात नाही. तहान लपवायची असते, असं ती शिकेल.

आता जे लिहायचं टाळतेय ते. गेल्या वर्षी मी एकटीच एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी बराच वेळ बोलून सांगितलं, मला ऑटिझम आहे. त्याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटला नाही. मी कुठे स्वतःत मग्न असते, उलट सगळ्यांचं जरा जास्तच ऐकू येतं. गिऱ्हाईक “चला, येतो” म्हणालं की मीही “चला, येतो” म्हणते आणि काउंटरमागेच उभी राहते. काका हसतात. हसू देत.

मीही लहानपणी “तुला भूक लागली?” असंच म्हणायचे, आठवतं ना? आई ताट वाढताना तेच विचारायची, म्हणून भुकेचं नाव माझ्यासाठी तेच होतं. आम्हाला शब्द सुटे मिळत नाहीत. अख्खं वाक्य मिळतं, देणाऱ्याच्या आवाजासकट. आई अडाणी, पण तिनं कधी ताट मागे ओढलं नाही. ती वाढायची आणि वाढता वाढता माझ्या वतीनं म्हणायची, “मला भूक लागली.” माझं ‘मी’ उशिरा आलं, पण जेवून-खाऊन आलं.

चिमी माझ्यासारखीच आहे का, हे मी ठरवू शकत नाही. डॉक्टर बघतील, पत्ता मागे लिहिलाय. पण ती मागत होती, एवढं मी शपथेवर सांगते. ती हट्ट करत नव्हती.

भावोजी म्हणतील, हे तुमच्याकडून आलं. आलं असेलही. तुला त्यावरून बोलणी बसतील, या भीतीनं मी वर्षभर गप्प होते. आता गप्प बसणं परवडत नाही.

हे पत्र लपवू नकोस. त्यांना वाचू दे. आणि त्याआधी, त्यांच्या देखत, बैठकीत बसवून तिला पाणी दे. ती काहीही म्हणो. काहीच म्हणाली नाही तरी.

रविवारी मी जिना चढणार आहे. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. तोंडातून काय निघेल ते माहीत नाही, पण उठणार नाही.

तुझी, आणि उघडपणे चिमीची,
धाकटी