सावित्रीच्या गाण्याचं चौथं कडवं

॥ श्री ॥
वरची वाडी, ता. पोलादपूर
मंगळवार

ती. गोदूबाय हिला धाकटा भाऊ सोनबाचा नमस्कार. (पाया पडलो असं समज. खरंच वाकलो तर गुडघा परत उठू देत नाय.) इकडं सगळं बरं हाय. तुझं कसं हाय ते कळायला मार्ग नाय, कारण फोन लावला की तुझी सून रेश्मा उचलते नि बोलते, "मामा, आई आत्ताच झोपल्यात." सकाळी नऊला झोपल्यात, दुपारी चारला पण झोपल्यात. एवढी झोप चांगली नाय, डॉक्टरला दाखव. मी गुडघ्यासाठी दोन येळा सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून आलो. गुडघा होता तसाच हाय, लेंगा मात्र पिवळा पडला. तर बोललो आता कागदच लिहावा. झोपलेल्या माणसाच्या उशाशी कागद तरी ठेवता येतो.

बातमी अशी, की मी मास्तर झालोय. हसू नको. चौथीत मला शाळेतनं काढला तेव्हा हेडमास्तर बोलले होते, हा पोरगा परत या दारात दिसता नये. साठ वर्षांचा होऊन परत दिसलो. आता पोरं मला "सर" बोलतात नि मी मागं वळून बघतो, कोण आलाय ते. झालं काय, कुठल्याशा संस्थेनं आमच्या शाळेला एक योजना दिली. सहावी ते आठवीच्या पोरांना तीन तऱ्हेची गाणी शिकवायची. एक आपलं लोकगीत, एक चीन देशातलं गाण्याचं नाटक आणि एक ऑर्केस्ट्रा. येत्या शनिवारी महाडला हॉलात सगळ्या शाळा एकत्र येणार, नंबर काढणार. पोरांना सतराचा पाढा येत नाय नि हे निघाले चीनला. पण आपलं कोण ऐकतो.

शाळेत नवीन बाई हाय, प्रियदर्शिनी बाई, पुण्याकडची. ती एक दिवस धापा टाकत वाडीवर चढून आली नि बोलली, "आजोबा, आपण लोककलावंत आहात असं समजलं." मी गोठ्यात होतो, हातात शेण. बोललो, बाई, मला काय ते एकदाच बोला, म्हैस खोळंबलीय. तिला ही बातमी दिली अंकितानं. (माझी नात, सातवीला हाय. तू तिला बघितलेली नायस. बघितली असतीस तर आरशात बघितल्यासारखं झालं असतं. रागावली की नाक फुगवते ते तुझंच.)

पहिल्या दिवशी बाईनं फळ्यावर लिहिलं होतं, लोकगीताची उद्दिष्टे, एक ते सहा. मी फडकं घेऊन पुसून टाकली. बोललो, गाण्याला उद्दिष्ट कशाला पायजे? सुरू झालं की संपेपर्यंत म्हणायचं, बस. (हे बोलायला नको होतं. पुढं कळेल.) बाईनं वहीत कायतरी लिहून घेतलंन. मग मी पोरांना गौरी-गणपतीतल्या जाखडी नाचासारखं गोल उभं केलं, पायात ताल घातला नि आपलं सावित्रीचं गाणं सुरू केलं. दुसरं मला धड येतंय कुठं?

घाट उतरून निघाली, सावित्री माझी बाय
मागं वळून बघंना, हाका मारते माय

पहिल्या कडव्यात नदी घाट उतरते, दुसऱ्यात पोलादपूर ओलांडून महाडच्या बाजारातनं जाते, तिसऱ्यात खाडीतनं दर्यात पडते. पोरांनी आठ दिवसांत उचललं. पाय असे पडायला लागले की खालच्या वर्गातली चौथी आली बोलायला, आमचा पंखा हलतोय. मी खूश. मग पांडू म्हणून एक वात्रट पोरगा हाय, तो बोलला, "सर, पुढचं?" मी बोललो, पुढचं काय? झालं. तो बोलला, "दर्यात पडली नि मेली काय?" सगळी पोरं हसली. अंकिता हसली नाय. नाक फुगवून माझ्याकडं बघत राहिली.

आता चीनचं ऐक. बाईनं मोबाईल भिंतीवर मोठा करून दाखवला. मी बोललो होतो की मी बघणार नाय, दाराशी बसतो. दाराशी बसून सगळं बघितलं. अगं, आपल्या शिमग्यातली सोंगंच ती! तोंडं रंगवलेली, कपाळाला झिरमिळ्या, मागं झांज नि थाळी बडवतायत. हातात नुसतं वल्हं, होडी नायच, पण तो गडी असा डुलतो की आपल्याला पाणी दिसावं. एक गिरकी मारली की हजार कोस गेला. (आपल्याला तुझ्या नाते गावाहून वरच्या वाडीला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. काय लोकांना चौतीस वर्षं पुरत नायत.) गातात मात्र असं वर ओढून, की पहिल्या दिवशी शाळेमागची कुत्री उत्तर द्यायला लागली. पोरांनी लांब बाह्यांसाठी आयांची लुगडी फाडली, गावात दोन दिवस नुसती बोंबाबोंब. सदू म्हणून पोरगा तोंड न धुता तसाच काळा-पांढरा एसटीत चढला, तर कंडक्टरनं त्याला फुल तिकीट दिलंन.

पण रंगाचा कायदा असतो त्यांच्यात. बाईनं समजावलं, लाल तोंड म्हणजे शब्दाचा पक्का, काळं म्हणजे तोंडावर खरं बोलणारा, आणि पिठासारखं पांढरं म्हणजे आतल्या गाठीचा, ज्याच्या पोटात एक नि ओठात एक. मग पोरांचा खेळच झाला, जो दिसेल त्याला रंग द्यायचा. हेडमास्तर काळे, शिपाई लाल. पांडू बोलला, "सोनबा सर कुठले?" अंकितानं वर पण बघितलं नाय. ब्रश धुता धुता बोलली, "ज्याला पुढचं येतंय आणि सांगत नाय, तो पांढरा." खिशात माझी विडी चुरगळली गो. मी बोललो, चला, तास संपला. अजून वीस मिनिटं होती.

त्यात तो ऑर्केस्ट्रा. तो शिकवतो अकिब, महाडच्या झकेरिया टेम्पोवाल्याचा मुलगा. कतारला होता सहा वर्षं, तिथल्या हॉटेलात व्हायोलिन वाजवायचा, आता परत आलाय. चांगला पोरगा, पण काम बघितलं तर हातात एक काडी घेऊन लोकांकडं पाठ करून उभा. स्वतः काय वाजवत नाय. दोन व्हायोलिनी, पाच बासऱ्या, एक पेटी, एक बेंजो नि शाळेच्या बँडाचा मोठा ढोल. पहिले चार दिवस नुसतं सूर जुळवणं चाललं होतं, मला वाटलं हेच गाणं. त्यानं ठरवलं की शेवटाला तिन्ही एकत्र करायचं. चीनची पोरं वल्ही मारणार, ऑर्केस्ट्रा वाजवणार, नि वर आपलं सावित्रीचं गाणं. म्हणून त्यानं आपल्या गाण्याचे सूर कागदावर उतरवून घेतले. मी गायचं, त्यानं मुंग्या काढायच्या. तिसरं कडवं झालं नि तो थांबला. बोलला, "काका, अजून आहे ना?" मी बोललो, नाय. त्यानं व्हायोलिनवर शेवटची ओळ परत वाजवली. परत वाजवली. बोलला, "हे घरी येत नाय काका. उंबऱ्यावर उभं राहून गेल्यासारखं वाटतंय. ज्यानं बांधलं तो असं अर्धवट सोडणारा माणूस नव्हता."

मी बोललो, तिसरं कडवं दोनदा म्हणू. करून बघितलं. नदी दोनदा बुडाली.

मग त्यानं कागदाच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलंन. बोलला, इथं बांधणाऱ्याचं नाव लागतं, ऑर्केस्ट्रात नावाशिवाय कागद स्टँडवर चढत नाय, दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी. शनिवारच्या फॉर्मात पण रकाना हाय, रचनाकार. मी बोललो, लोकांचं गाणं हाय, लोकं लिहा. तो बोलला, "लोकं म्हणजे कोण काका? गाव कुठलं त्यांचं?" त्याच्या मागं अंकिता उभी. तेवढ्यात ती बोलली, "आजोबा, जाखडीत शेवटच्या कडव्यात बांधणाऱ्याचं नाव येतं, तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत. मग याच्यात का नाय?" मी बोललो, गप बस गो. ती गप बसली. त्या दिवसापासनं गप्पच बसलीय. आघाडीला ती हाय, तिच्या गळ्यावर गाणं उभं हाय, आणि ती बोलते ज्याला नाव नाय ते गाणं मी म्हणणार नाय. आज मंगळवार झाला. बाईचा चेहरा रंग न लावता पांढरा पडलाय. अकिब काडी खिशात घालून फिरतोय. चाळीस पोरं माझ्याकडं असं बघतात जसं काय मी त्यांची नदी चोरली.

आता तुझ्याशी कशाला आडपडदा. तुला माहीत हाय नि मला माहीत हाय. नदीवर कपडे आपटता आपटता तू ते गाणं बांधलंस, चारी कडवी, तेव्हा तुझं लगीन पण झालेलं नव्हतं नि मी तुझ्या मागं भिजलेली चादर धरून उभा होतो. मग मी जाखडीच्या मेळात घुसलो नि ते गाणं घेऊन गेलो. त्या वर्षी गौरीच्या दिवशी तू माहेरी आली होतीस, कडेवर पोर, पुढच्या रांगेत बसलेली. खालच्या वाडीशी सामना. उभं राहायच्या आधी मेळातले चार जण बोलले, सोनबा, बाप्ये नाचणार नि बाईचं नाव घेणार काय, खालची वाडी वर्षभर हसेल. तिसऱ्या कडव्यावर ढोलकीवाल्याला थांबायचा हात केला, तुझ्या नावाचं चौथं म्हटलंच नाय. आम्ही जिंकलो. नारळ घेऊन वळलो तर तुझी जागा रिकामी. तुझं पान वाढून ठेवलं होतं, ते तसंच गाईला घातलं. आई गेली तेव्हा आलीस, आंगणातच उभी राहिलीस, पाण्याला शिवली पण नायस. मला वाटलं पोराबाळाच्या घरी रुसवा किती दिवस टिकतो. मोजलं तर चौतीस वर्षं. नंतर प्रत्येक सामन्याला वाटायचं, यंदा चौथं म्हणू. पण एकदा सोडलेलं परत म्हणायचं तर लोक विचारणार ना, आधी का सोडलंत?

असो. या गोष्टी कागदावर मोठ्या दिसतात. मी काय रडत बसलेला नाय. म्हैस व्यायलीय, खरवस झाला होता, चांगला लागला. रेश्माला सांग मामा आठवण काढतो. दाजींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, तुला तर मी द्यायचा नसतो, तू मला द्यायचास, देत असलीस तर.

तुझा,
सोनबा

ता. क. — सगळा कागद लिहिला नि मुद्द्याचं राहिलं. ते चौथं कडवं मी विसरलोय. इतकी वर्षं म्हटलंच नाय तर राहील कसं? उद्या सकाळी झकेरिया टेम्पो घेऊन नात्याला येतोय, त्याच्याच हाती कडवं लिहून पाठव. तुला पण आठवत नसलं तर तसं लिहून पाठव. दोन ओळी तर हायत.

ता. क. — हा कागद अंकितानं वाचला. (शुद्धलेखन बघते बोलली. बघितलं नायच.) ती बोलते, आजोबा, खोटं का लिहिता, तुम्ही म्हैस दोहताना रोज तेच गुणगुणता. तर मग ऐक. येतंय मला. रोज येतं. आणि मी ते आज दुपारी सगळ्या पोरांना शिकवलं पण, असं:

भरती चढली खाडीला, पाणी माघारी वळलं
सोनबा म्हणे गो सावित्री, माहेर तुला कळलं

हो, माझंच नाव घातलंय. तुझ्या नावाला दोन ठोके होते, माझ्या नावावर पाय अडखळतो, पांडू दर खेपेला पडतो. अकिब कानावर हात ठेवतो. पोरं विचारतात, सर, तुम्हाला कसलं माहेर? मी बोललो, शनिवारी हॉलात हेच म्हणायचं, हजार माणसांसमोर. तुला चालत असलं तर घरी झोपून राहा.

ता. क. — अंकिता अजून गात नाय. बोलते आत्याआजी आली तर गाईन, तिच्या बाजूला उभी राहून, खऱ्या नावानं. झकेरियाला सांगितलंय, शनिवारी सकाळी सातला नात्यात थांबेल, पुढची सीट तुझी हाय. फॉर्म हॉलात द्यायचाय, माझ्याकडंच हाय. रचनाकाराच्या रकान्यात मी सोनबा असं पेन्सिलीनं लिहिलंय. त्या जागी गोदू लिहून पुढं आडनाव माहेरचं लावायचं का सासरचं ते मला ठरवता येत नाय. खोडरबर अंकिताच्या दप्तरात हाय. खोडायला तूच ये. माझ्या हातनं एकदा नाव खोडून झालंय.