डिटेक्टरवरचा टिळा

२४ सप्टेंबर २०२५, उदगीर
आले एकदाची! स्टेशनामागची पत्र्याची शेड आता माझी प्रयोगशाळा. इथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन वायू, चिमूटभर पॅलेडियम, आणि भांड्यात पांढरी भुकटी. तिचा मल्चिंग पेपर करायचा. शेतात अंथरा, उन्हात आपोआप विरेल. शेडमध्ये हे जमणार नाही, असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. बघाच म्हणावं! मदतीला सरजाबाई आहेत. शेजारच्या खोलीत एकट्याच राहतात आणि अखंड बोलतात.

मोनॉक्साइड जीवघेणा, पण त्याला ना वास ना रंग. भिंतीवरचा डिटेक्टर हेच आमचं नाक. रोज एकदा तरी बोंबलतो. मग मी पाना घेऊन नळीचा गळका जोड आवळते.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. पहिल्या भुकटीचा पेपर बाहेर उन्हात अंथरला. सरजाबाईंनी भांड्याला, पान्यांना हळदकुंकू लावलं. डिटेक्टर राहिला होता. "ह्यो आपला जीव राखून राहिला ना ताई, ह्याला बी लावा की," म्हणाल्या. मीच ओल्या गंधाचा ठसठशीत टिळा त्याच्या जाळीवर काढला. छान दिसत होता.

४ ऑक्टोबर
डिटेक्टर गुणी झालाय, तीन दिवस शून्यावर. सरजाबाईंना मात्र दारात नरसिंग दिसतो. त्यांचा नवरा, चार वर्षांपूर्वी वारलेला. मी हसले. डोकं ठणकतंय, ऊन बाधलं असेल.

६ ऑक्टोबर, दुपार
मलाही दिसला. भांड्यामागे, पांढरा सदरा. बोट भिंतीकडे. खूप भ्याले, म्हणून जास्तच ओरडले, की बॅच निघेपर्यंत मी हलणार नाही, तूच चालता हो.

७ ऑक्टोबर, सकाळ
सरजाबाईंना उलट्या. गाल लालभडक. तो पुन्हा — बोट भिंतीकडेच. वळून पाहिलं. टिळा. वाळून जाळी बुजलेली.

नखानं खरवडला. डिटेक्टर किंचाळत सुटला —

सरजाबाईंना ओढत बाहेर आणलं. श्वास चालू आहे. "जाऊ नका ताई, पाया पडते," म्हणतात. मोनॉक्साइडचा व्हॉल्व्ह आत आहे. उघडा ठेवून पळणार नाही.

बंद केला. पाय उचलत नाहीत. वही खिशात होती म्हणून —

टिळा मी लावला. सरजाबाईंना कुणी बोल लावायचा नाही. आणि सर, पेपर उन्हात विरला. जमलं —

नरसिंग आता दाराकडे बोट दाखवतोय. भीत नाही मी. दहा पावलं. रांगत जाईन. एक — दोन —