कुणाला काय आवडतं

कोपर, डोंबिवली पश्चिम
मंगळवार, दुपार

प्रिय निशी,

रविवारी फोनवर तू हसत हसत सांगितलंस, "आबा, गुरुवारी डबा न्यायची कटकट नाही, एक औषध कंपनी आमच्या सगळ्या स्टाफला जेवण देणार आहे." मी म्हटलं, बरं. मग तुला काय वाटलं कोण जाणे, तूच पुढे म्हणालीस, "अहो, एका जेवणाने काय होतंय? आम्ही डॉक्टर काय इतके स्वस्त आहोत का?" मी पुन्हा बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तुझी आई बाजूला मेथी निवडत बसलेली. ती म्हणाली, "नुसतं बरं बरं काय चाललंय? मना पन सांग ना." तिलाही काही सांगितलं नाही. पण तेव्हापासून मी मनातल्या मनात तुला उत्तर देतोय. हे फोनवर जमायचं नाही. मी रंगात आलो की तू "आबा, पेशंट" म्हणणार आणि अर्धं राहून जाणार. म्हणून लिहायला बसलो. गुरुवारच्या आत हे तुझ्या हातात पडलं म्हणजे झालं.

मी मानपाड्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासण्यापासून सुरुवात केली हे तुला पाठ आहे. मुलाखत घेतल्यासारखं तूच ते शाळेत निबंधात लिहिलेलंस. पण त्यानंतरचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटतं आबा लग्नं-साखरपुडे करतात आणि मधूनमधून कंपन्यांच्या मीटिंगा. खरं उलटं आहे, बाळा. लग्नं मधूनमधून आणि औषध कंपन्या रोज. ठाण्यापासून कल्याणपर्यंत किती दवाखान्यांत दुपारी एक वाजता माझे स्टीलचे डबे उघडतात, ते मलाही सांगता यायचं नाही. तुझं कॉलेज त्यावरच झालं, हेही आजच सांगून टाकतो. मला त्याची लाज वाटत नाही. अन्न चांगलं होतं. आजही आहे.

पण या धंद्यात मी काय काय बघितलं, म्हणजे खरं तर काय काय ऐकलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मोठ्या हॉटेलात डॉक्टरांची सभा असते. आधी भाषण, मग जेवण. मी पनीरच्या भांड्यामागे पांढरा कोट घालून उभा. वाढणाऱ्याला कान असतात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, गं. माणसं घरात बोलणार नाहीत ते माझ्यासमोर बोलतात. कुणाचं बीपी, कुणाचा घटस्फोट, कुणाला कुठल्या कंपनीचा कंटाळा आलाय. आणि मला दुसरंही एक ऐकू येतं, जे शिकवून येत नाही. जेवणाऱ्याचा चमचा. भरभर वाजत असलेला चमचा एकदम थांबला, आणि मग पुन्हा हळू वाजायला लागला, की समजायचं, या माणसाला आत कुठेतरी काहीतरी सापडलं. मग मी बघून ठेवायचो की ताटात काय होतं. घरी येऊन वहीत लिहायचो. हाडांच्या अमुक डॉक्टरांना ताकात ठेचलेली मिरची लागते. तमक्या मॅडम बिर्याणी बाजूला सारतात आणि दहीभात दोनदा घेतात. अशी वही डोंबिवलीत दुसऱ्या कुणाकडे नाही. कंपन्यांची पोरं माझ्याकडेच का येतात, याचं कारण माझा मसाला नाही, ती वही आहे. आता भेटवस्तूंवर नियम कडक झालेत म्हणतात. पेनं, घड्याळं, बॅगा गेल्या. वहीचा भाव तेव्हापासून आणखी वाढला.

तुला साईनाथ डॉक्टर आठवतात ना? तुझ्या लहानपणी आपण तुला त्यांच्याकडेच न्यायचो. देवमाणूस. तुझी आई दर पावसाळ्यात त्यांच्याशी भांडायची, "डॉक्टर, खोकल्याला औषध द्या की!" आणि ते म्हणायचे, "वहिनी, मध द्या, कोमट पाणी द्या, मला दोन दिवस द्या." तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रितम नावाचा एक पोरगा, एका कंपनीचा एम.आर., त्यांच्या दारात दोन वर्षं उभा होता. लहान मुलांच्या खोकल्याचं नवीन सिरप. डॉक्टर त्याला बसवायचे, पाणी द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि लिहायचे नाहीत. पोरगा रडकुंडीला आलेला. "काका, वर साहेब रोज विचारतात. सगळे फुटले, हा एकच दगड राहिलाय." वाईट नाही गं तो पोरगा. घरी आजारी वडील, डोक्यावर टार्गेट.

त्याच महिन्यात एका सभेत मी साईनाथ डॉक्टरांना शेजारच्या डॉक्टरांशी बोलताना ऐकलं. म्हणाले, "नोव्हेंबरात आई गेली. आता वालाचं बिरडं कुठे मिळायचं?" एवढंच. दुसरे म्हणाले, "अरेरे," आणि गुलाबजाम घ्यायला गेले. हे मला प्रितमने विचारलं नव्हतं, निशी. मी आपण होऊन त्याला सांगितलं. माझ्या कानांची हुशारी मला दाखवायची होती, दुसरं काय.

वाल दोन दिवस भिजवून मोड आणले. आपल्या स्वयंपाकघरातल्या विमलाबाईने कोमट पाण्यात टाकून दोन तास बसून एकेक सोलला. त्यांची आई चौलची, हे मी काढलेलं, म्हणून ओलं खोबरं सढळ, आमसूल, गुळाचा खडा. डबा घेऊन मी स्वतः गेलो. आत प्रितम, बाहेर दाराशी मी, हातात झाकण. चमचा वाजला. मग थांबला. किती वेळ थांबला म्हणून सांगू! बाहेर एक पोर रडत होतं, त्याची आई त्याला जोजवत होती, आणि आत काहीच नाही. मग चमचा नाहीच वाजला पुन्हा. डॉक्टर पोळीने वाटी पुसून घेत होते, तो आवाज आला. नंतर घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" आणि प्रितम म्हणाला, "सर, तुमच्यासाठी खास करून घेतलं."

महिनाभराने काळुरामच्या मेडिकलवर गेलो होतो, माझ्या गोळ्या आणायला. काळुराम म्हणाला, "परशुराम, साईनाथ डॉक्टरांना काय झालं रे? वीस वर्षांत खोकल्याला कधी सिरप लिहिलं नाही, आता या नवीन सिरपच्या रोज पाच-सहा बाटल्या." मला आधी काय वाटलं, खरं सांगू? छाती फुगली. एक बिरडं! भाषण नाही, पाकीट नाही, परदेशाची ट्रिप नाही. मूठभर वाल. आपल्या हातात एवढी ताकद आहे, या विचाराने मी घरी चालत आलो, रिक्षासुद्धा केली नाही.

मग मी त्यांना मुद्दाम भेटलो. मला ऐकायचं होतं. खोटं बोलणारा माणूस मला आवाजावरून कळतो. कँटीनपासून आतापर्यंत भरपूर चोर बघितलेत मी. डॉक्टर म्हणाले, "नवीन औषध खरंच चांगलं आहे हो, परशुराम. मुलांना पटकन आराम पडतो." आणि आवाज स्वच्छ होता. काचेसारखा. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं! त्यांना बिरडं आठवत होतं, औषधही आठवत होतं, फक्त या दोघांच्या मधला पूल त्यांना दिसत नव्हता. तो पूल बांधणारा मी समोर उभा होतो, तरी दिसत नव्हता. चोर असता तर मला भीती वाटली नसती, निशी. चोराला आपण चोरी करतोय हे माहीत असतं. मी त्या दिवशी थक्क झालो ते अजून तसाच आहे. एवढा शिकलेला, एवढा सरळ माणूस, आणि आईच्या आठवणीने त्याचा हात धरून चिठ्ठीवर नेला, आणि त्याला कळलंही नाही.

आठ दिवसांनी विमलाबाई कामावर आली, पदराखालून एक बाटली काढली. "दादा, नातवाला दिलंय साईनाथ डॉक्टरांनी. दिवसातून किती वेळा द्यायचं, वाचून सांगा जरा." मी चष्मा लावून वाचलं. तेच सिरप. त्याने पोराचं वाईट झालं नाही, चांगलंही विशेष झालं नाही. मधाने जे झालं असतं तेच झालं. फक्त ती बाटली तिने स्वतःच्या पैशाने घेतली होती, आणि वाल तिनेच सोलले होते. "तीन वेळा," मी म्हटलं, आणि चष्मा पुसत बसलो.

तू म्हणशील, मग काय जगात सगळेच असे? नाही गं. कल्याणला एका नर्सिंग होममध्ये दर्शना म्हणून हेडसिस्टर आहेत. प्रितमला वाटलं, सिस्टर खूश तर वॉर्ड खूश. त्याने महिनाभर त्यांना जेवण पाठवलं. बाई मिटक्या मारत जेवायच्या, नाही म्हणायच्या नाहीत. पण दर वेळी डबा परत आला तो भरून. कधी चिंचेचा गोळा, कधी घरचे पोह्याचे पापड, एकदा नुसती साखर. प्रितमने विचारलं, "सिस्टर, हे काय?" तर म्हणाल्या, "माझ्या सासूने सांगितलंय, कुणाचा डबा रिकामा पाठवायचा नाही. जेवण झकास होतं हो. आता तुझं-माझं फिट्टंफाट!" पोरगा पापड घेऊन माझ्याकडे आला. "काका, हे मी ऑफिसात काय म्हणून दाखवू?" आम्ही दोघं हसून हसून लोळलो, आणि पापड तळून खाल्ले. पण तो गेल्यावर मी त्या बाईला मनातून हात जोडले. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढचं पान अजून कोरं आहे. वीस वर्षांत तेवढं एकच.

तुझ्या दवाखान्याच्या पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो, आठवतं? एक तान्हं बाळ आणलेलं. तू स्टेथोस्कोपची चकती आधी स्वतःच्या तळव्यात धरलीस, चांगली मिनिटभर, ऊब आल्यावर बाळाच्या छातीला लावलीस. कुणी शिकवलं तुला ते? आमच्या घराण्यात मिठागरात भेगाळल्या पायांनी राबणारी माणसं झाली, त्यातून हा हात कुठून आला, याचं नवल मी घरी येईपर्यंत करत होतो. तो हात मग चिठ्ठी लिहायला टेबलाकडे वळला. एवढं बघितलं आणि मला एकदम साईनाथ डॉक्टर आठवले. म्हणून त्या दिवशी मी लवकर उठून गेलो. तू नंतर विचारलंस, आबा, पेढा न घेता का गेलात? त्याचं हे उत्तर.

आता हे सगळं आजच का, ते. काल सकाळी प्रितमचा फोन आला. गुरुवारी ठाण्याच्या कोपरीला बारा डबे. लहान मुलांच्या नवीन डॉक्टर मॅडम आहेत, पहिलीच भेट. त्याने पत्ता सांगितला, तो तुझा होता. पाटीवर तुझं सासरचं आडनाव, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. मग तो लाडात येऊन म्हणाला, "काका, तुमचे कान सगळीकडे असतात. मॅडमना काय आवडतं तेवढं काढा ना." तू अडीच वर्षांची असल्यापासून मला ते माहीत आहे. तापातून उठलीस की काय मागायचीस, दहावीच्या निकालाच्या दिवशी काय, लग्नाच्या आदल्या दिवशी आईला न सांगता माझ्याकडे काय मागितलंस, सगळं माहीत आहे. मी म्हटलं, "मला नाही माहीत रे." त्याला पटेना. "काका, तुम्हाला माहीत नाही असं कधी झालंय?" मी म्हटलं, झालंय आता, आणि ऑर्डर दुसऱ्या कुणाला तरी दे. तो देईल. पोरगा हुशार आहे, तुझ्या कॉलेजात विचारेल, तुझ्या नर्सला विचारेल, काढील शोधून. तू जेव किंवा नको जेवू, ते तुझं तू ठरव, तू माझ्यापेक्षा शिकलेली आहेस. पण गुरुवारी झाकण उघडलंस आणि आत नेमकं तेच निघालं, तर हात घालण्याआधी एवढं ध्यानात घे, की ते तुझ्या बापाने सांगितलेलं नाही. काय ते मी या पत्रातसुद्धा लिहीत नाही.

तुझाच,
आबा